आधी नोकरी, मग शिक्षण : ग्रंथपाल रंगनाथन

लायब्ररी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना काय आठवतं? सबमिशनच्या आठवड्यातली रांग, बुक बँकेतली पानं सुटलेली पुस्तकं, उशिराचा दंड आणि रीडिंग हॉलमधली पंख्याखालची जागा. आणि ग्रंथपाल म्हणजे पुस्तकावर शिक्का मारून देणारा माणूस. गेल्या वर्षी आमचे ग्रंथपाल सर दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गाला गेले होते. तेव्हा आमच्या रूमवर यावर चांगलीच चर्चा रंगली. डॉक्टरनं शिकत राहायचं, इंजिनिअरनं शिकत राहायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण एवढी वर्षं नोकरी झालेल्या ग्रंथपालाला आता नवीन काय शिकायचं असतं, यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. उत्तर शोधायला म्हणून एक चरित्र हाती घेतलं आणि त्यातच अडकलो. ज्यांचं चरित्र ते शियाळी रामामृत रंगनाथन. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं. आपल्याला ते क्वचितच माहीत असतं. पण त्यांच्या गोष्टीत आपल्या ओळखीचं बरंच काही आहे.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मधला, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावचा. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. लहानपणी बोलताना अडखळायचे. हा दोष पुढे सरावानं बराच कमी झाला. गणित मात्र पहिल्यापासून आवडीचं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून आधी बी.ए. आणि मग १९१६ साली गणितात एम.ए. झाले. तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना त्यांनी जन्मभर गुरू मानलं. मग शिक्षकी पेशाचं प्रशिक्षण घेतलं, मंगळूर आणि कोइमतूरला शिकवलं आणि शेवटी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. माणूस आपल्या आवडीच्या विषयात, आवडीच्या कामात होता. तिशी ओलांडली होती. गोष्ट इथेच संपली असती तर मद्रासमधल्या एका चांगल्या गणित मास्तरांचं नाव आज कुणाला माहीत नसतं.

१९२३ साली मद्रास विद्यापीठानं ग्रंथपालाचं पद निर्माण केलं. विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह अस्ताव्यस्त पडलेला होता, तो कुणीतरी मार्गी लावायला हवा होता. अर्ज आले सुमारे ९००. त्यातल्या एकानंही ग्रंथालयाच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं! त्या काळी तसं शिक्षण मिळण्याच्या सोयीच देशात फार थोड्या होत्या. (अपवाद आपल्या मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं होतं आणि त्यांनी १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग चालवला होता.) निवड समितीला निदान संशोधनाची पार्श्वभूमी असलेला माणूस हवा होता आणि रंगनाथन यांच्या नावावर गणितातले काही लेख होते. त्यांनी अर्ज केला होता खरा, पण मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत ते तो विसरूनही गेले होते. मग त्यांनी काय केलं असेल? आपण वायवाच्या आदल्या रात्री जे करतो तेच. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात ग्रंथालयावरचा लेख होता, तो वाचला आणि गेले मुलाखतीला. ग्रंथपालनाचं त्यांचं तोवरचं सगळं ज्ञान एवढंच. आणि निवड त्यांचीच झाली.

जानेवारी १९२४ मध्ये ते कामावर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून गेले. कॉलेजात समोर मुलं असायची, प्रश्न असायचे, वाद असायचे. इथे होती कपाटं. वाचायला येणारी माणसं कमी आणि करायला काम काय, तेही स्पष्ट नाही. काही आठवड्यांतच ते वरिष्ठांकडे गेले आणि मला माझा गणिताचा वर्ग परत द्या म्हणून गळ घालू लागले. पहिल्या सेमिस्टरला ब्रँच बदलून मागायला ऑफिसच्या चकरा मारणारी मुलं आपण पाहतोच. फरक एवढाच की यांना एक तडजोड सुचवण्यात आली. तुम्ही इंग्लंडला जा, तिथे ग्रंथालयं कशी चालवतात ते शिकून या. परत आल्यावरही हे काम नकोसं वाटलं तर गणिताची जागा तुमचीच. मला वाटतं, या तडजोडीला भारतातल्या ग्रंथालयांच्या इतिहासात मोठं स्थान द्यायला हवं. नोकरीवरच्या माणसाला पगारी शिकायला पाठवणं आणि परतीचा दरवाजा उघडा ठेवणं, हे कुठल्याही संस्थेला आजही सहज जमत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तेव्हा ग्रंथपालनाचं स्कूल होतं. तिथे रंगनाथन दाखल झाले. वय ३२. मुलांना शिकवणारा माणूस पुन्हा बाकावर बसला. आणि गुण? सरासरीच्या किंचित वर, बस्स. हे वाचून मला जरा धीर आला हे सांगायला हरकत नाही. वर्गीकरण शिकवायला डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स होते. हे नुसते प्राध्यापक नव्हते, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल होते. म्हणजे सकाळी ग्रंथालय चालवणारा माणूसच वर्गात येऊन ते कसं चालवायचं ते सांगत होता. रंगनाथन यांनी परीक्षेपेक्षा जास्त वेळ हिंडण्यात घालवला. निरनिराळ्या गावांतली ग्रंथालयं त्यांनी आत शिरून पाहिली, मांडणी पाहिली, नोंदी कशा करतात ते पाहिलं. लहान मुलांसाठी वेगळा विभाग, कामगारांसाठी वाचनाची सोय, गल्लीबोळांपर्यंत पोचलेल्या शाखा, हे सगळं त्यांना नवीन होतं. मद्रासला पुस्तकं सांभाळायची असतात. इथे ती माणसांपर्यंत न्यायची असतात, हा फरक त्यांच्या डोक्यात पक्का बसला.

पण गणिती डोकं खरं अडकलं ते वर्गीकरणात. आता हे जरा समजावून सांगतो, कारण खरी गंमत इथेच आहे. आपल्या लायब्ररीतलं कुठलंही पुस्तक काढून त्याचा कणा बघा. इलेक्ट्रिकलच्या पुस्तकावर ६२१.३, सिव्हिलच्या पुस्तकावर ६२४, असे आकडे दिसतील. ही मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धत, १८७६ सालची. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. प्रत्येक विषयाला एक ठरलेला खण. पद्धत सोपी आहे, म्हणूनच जगभर चालते. पण विषय नवा निघाला तर? किंवा एक पुस्तक एकाच वेळी चार गोष्टींबद्दल असेल तर? मग त्याला जवळच्या एखाद्या खणात कोंबावं लागतं. रंगनाथन यांना हे खुपत होतं. आणि उत्तर कुठे सापडलं? लंडनच्या सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात, खेळण्यांच्या विभागात! तिथे मेकॅनोच्या संचाचं प्रात्यक्षिक चालू होतं. त्याच पट्ट्या, तीच चाकं, तेच नट-बोल्ट. पण जोडणी बदलली की कधी क्रेन, कधी पूल, कधी गाडी. रंगनाथन यांच्या मनात आलं, विषयांचंही असंच करता येईल की. तयार खण करून ठेवायचे नाहीत. फक्त सुटे भाग करून ठेवायचे आणि पुस्तक समोर आलं की त्याच्या विषयाप्रमाणे ते जोडून आकडा तयार करायचा. जोडायला नट-बोल्ट म्हणून त्यांनी घेतलं कोलन हे विरामचिन्ह. म्हणून या पद्धतीचं नाव कोलन वर्गीकरण, मराठीत द्विबिंदू वर्गीकरण.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हमखास देतात ते उदाहरण घेऊ. फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याबद्दल भारतात १९५० साली झालेलं संशोधन. ड्युईच्या कपाटात हे सगळं एका खणात मावणं कठीण. कोलनमध्ये वैद्यकाला एल हे अक्षर, फुफ्फुसाला ४५, क्षयाला ४२१, उपचाराला ६, क्ष-किरणाला २५३, संशोधनाला एफ, भारताला ४४ आणि १९५० सालासाठी एन५. एकापुढे एक जोडत गेलं की त्या पुस्तकाचा नेमका पत्ता तयार. आम्ही असेंब्ली ड्रॉइंगमध्ये पार्ट लिस्ट करतो तसंच हे. आज खरेदीच्या वेबसाइटवर आपण ब्रँड, किंमत, रंग, साइज असे फिल्टर एकावर एक लावत जातो, त्यामागचं तत्त्व हेच आहे. प्रत्येक वस्तूचे पैलू वेगळे काढायचे आणि हवे तसे जुळवायचे. ग्रंथालयशास्त्रात हा पैलूंचा विचार पद्धतशीर मांडला तो रंगनाथन यांनी.

१९२५ साली ते बोटीनं परत निघाले. प्रवासात बोटीवरच्या छोट्या लायब्ररीवर त्यांनी आपली नवी पद्धत लावून पाहिली. एवढा धीर कुणाला निघतो! मद्रासला उतरले तेव्हा ठरल्याप्रमाणे गणिताची जागा मागता आली असती. त्यांनी ती मागितली नाही.

पुढची वीस वर्षं मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात. रोज तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस, एकही सुट्टी नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारनंतर ते कामावर गेले म्हणे. हा प्रसंग चरित्रकार कौतुकानं सांगतात. मला मात्र तो वाचून शारदाबाईंचं काय झालं असेल असंच वाटलं. हे दुसरं लग्न. पहिल्या पत्नी रुक्मिणी १९२८ साली अपघातात गेल्या होत्या. अशा माणसाच्या घरच्यांना काय सोसावं लागलं असेल, त्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

त्याच १९२८ मध्ये त्यांच्या मनात एक प्रश्न घोळत होता. आपण ग्रंथालयात शंभर गोष्टी करतो, नियम करतो, वेळा ठरवतो, याद्या करतो. पण या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? गणितात कसं, चार-पाच गृहीतकं असतात आणि बाकी सगळं त्यांतून सिद्ध करत जाता येतं. तसं इथे काही आहे का? पहिलं सूत्र सुचवलं ते गणिताचेच गुरू रॉस यांनी असं सांगतात. १९३१ साली या पाच सूत्रांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पुस्तकं कुलूपबंद ठेवण्यासाठी नाहीत, ती वापरात आली पाहिजेत, इथून सुरुवात. मग प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. ही चार आपल्याला लगेच पटतात, किंबहुना इतकी साधी वाटतात की यात काय शोध लावला असं वाटेल. पण १९३१ चा काळ आठवा. पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या पगारातून जाईल, या भीतीनं कपाटांना कुलपं असायची. रंगनाथन यांनी मद्रासला वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं, ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या. पुढे १९३६ साली ग्रंथालयाची स्वतःची इमारत झाली.

पाचव्या सूत्रापाशी माझं घोडं थोडं अडलं होतं. त्यात ते ग्रंथालयाला एक वाढत जाणारा जीव मानतात. वाढतं म्हणजे काय, पुस्तकं वाढतात, एवढंच ना? पण जीव वाढतो तेव्हा त्याच्या जुन्या पेशी जातात, नव्या येतात, आकार बदलतो, भूक बदलते. पुस्तकं वाढली की जुनी मांडणी पुरत नाही. वाचक बदलले की जुने नियम पुरत नाहीत. ज्ञानच बदललं की जुनं वर्गीकरण पुरत नाही. आणि हे सगळं बदलत असताना ग्रंथपाल मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच्या पदविकेवर बसून राहिला तर काय होणार? आमच्या रूमवरच्या चर्चेचं उत्तर मला या पाचव्या सूत्रात सापडलं. ग्रंथालय वाढतं असेल तर ते चालवणाऱ्याचं शिक्षण एखाद्या वर्षी पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही.

रंगनाथन यांनी हे नुसतं लिहून ठेवलं नाही. मद्रास ग्रंथालय संघ १९२८ मध्येच सुरू झाला होता आणि ते त्याचे चिटणीस होते. या संघातर्फे १९२९ मध्ये त्यांनी ग्रंथपालनाचा उन्हाळी वर्ग काढला. १९३१ साली तो विद्यापीठानं आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याचा पदवीनंतरचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम झाला. स्वतः ब्रिटानिकाच्या एका लेखावर नोकरीला लागलेला माणूस, आपल्यानंतर येणाऱ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून धडपडत होता. शिकवायला पाठ्यपुस्तकं नव्हती, ती त्यांनीच लिहिली. १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण, १९३४ मध्ये तालिकीकरणाचे नियम, १९३७ मध्ये वर्गीकरणाच्या सिद्धान्ताचा मोठा ग्रंथ. शिवाय खेड्यांकडेही लक्ष होतं. १९३१ साली मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय सुरू झालं ते त्यांच्याच चळवळीतून. ग्रंथालयांना कायद्याचा आधार हवा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं मसुदे तयार केले आणि १९४८ मध्ये मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. (आपल्याकडे कोल्हापूर संस्थानानं असा कायदा १९४५ सालीच केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा.)

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. माणूस सतत शिकत असेल तर त्याचा त्रास कुणाला होतो? जे त्याच्यावर विसंबून असतात त्यांना! कोलन वर्गीकरणाची दुसरी आवृत्ती १९३९ मध्ये आली, तिसरी १९५० मध्ये, चौथी १९५२, पाचवी १९५७, सहावी १९६०. प्रत्येक आवृत्तीत काही ना काही बदललेलं. चौथ्या आवृत्तीत तर एकट्या कोलनवर भागत नाही म्हणून स्वल्पविराम, अर्धविराम, टिंब अशी वेगवेगळी चिन्हं वेगवेगळ्या पैलूंना दिली. रंगनाथन यांना नवं काही कळलं की जुनं दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे. तत्त्व म्हणून हे उत्तमच. पण ज्या ग्रंथालयांनी जुन्या आवृत्तीप्रमाणे हजारो पुस्तकांच्या कण्यांवर आकडे लिहून ठेवले होते त्यांनी काय करायचं? सगळी पुस्तकं पुन्हा उतरवायची, पुन्हा लेबलं लावायची, पुन्हा कार्डं लिहायची? आपल्याकडे ऐन सेमिस्टरमध्ये सिलॅबस बदलला की काय होतं ते आठवा. याचा परिणाम असा झाला की कोलन पद्धतीला सगळ्या जगानं डोक्यावर घेतलं, पण तिच्याप्रमाणे पुस्तकं लावणारी ग्रंथालयं थोडीच राहिली. भारतातल्याही बहुसंख्य महाविद्यालयांच्या कपाटांवर ड्युईच आहे, आपल्याही. माझं मत विचाराल तर यात दोष रंगनाथन यांचा थोडासा आहेच. रोज काम चालवायला लागणारं साधन आणि संशोधनाचा विषय या दोन गोष्टी त्यांनी एकाच पुस्तकात कोंबल्या. पण स्वतःचीच पद्धत पाच वेळा मोडून पुन्हा बांधणारा, त्यासाठी प्रत्येक वेळी नव्यानं अभ्यासाला बसणारा माणूस आपल्या धंद्यात तरी किती सापडतील?

१९४५ मध्ये त्यांनी मद्रास सोडलं. वय ५३. घरी बसायचा विचार होता, पण बनारस हिंदू विद्यापीठातून बोलावणं आलं. तिथल्या दोन वर्षांत सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकट्यानं केलं. एक लाख! हाताखाली माणसं नसताना प्रत्येक पुस्तक उघडायचं, त्याचा विषय ताडायचा, आकडा जुळवायचा. कुणी म्हणेल ही हमाली झाली. पण आपल्या पद्धतीत कुठे काय अडतं, हे कळायला एक लाख पुस्तकांसारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. आमच्या वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर म्हणतात की जॉब स्वतः लेथवर लावल्याशिवाय ड्रॉइंगमधली चूक दिसत नाही. तसंच हे.

१९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात गेले. ग्रंथालयशास्त्रात पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. अशी सगळी शिडी तिथे उभी राहिली. भारतीय मानक संस्थेत (जिला आपण आयएसआय मार्कामुळे ओळखायचो, आजची बीआयएस) डॉक्युमेंटेशनच्या समितीचं काम त्यांनी पुष्कळ वर्षं पाहिलं. पण मला जास्त आवडली ती दिल्लीतली दुसरीच गोष्ट. १९५१ मध्ये त्यांनी नोकरी करणाऱ्या ग्रंथपालांचं एक अभ्यास मंडळ जमवलं. ही मंडळी रविवारी त्यांच्या घरी जमायची. आठवडाभर ज्याला जे अडलं असेल ते त्यानं मांडायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यावर वाद घालायचा. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, पदोन्नतीचे गुण नाहीत. इकडे लंडनमध्येही १९५२ साली वर्गीकरणाच्या अभ्यासकांचा एक गट तयार झाला, त्याच्यावर रंगनाथन यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. ज्या गावात त्यांना सरासरी गुण मिळाले होते त्याच गावात आता त्यांचं शास्त्र अभ्यासलं जात होतं.

तेव्हाच्या रविवारच्या बैठकीचं काम आता मोठ्या यंत्रणेकडे गेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८० च्या दशकात अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली, त्यांची नावं पुढे दोनदा बदलली, आणि २०२३ पासून हे काम मालवीय मिशनच्या नावाखाली चालतं. महाविद्यालयीन ग्रंथपालांना पदोन्नतीसाठी असे वर्ग करावेच लागतात. सक्तीचं शिक्षण म्हटलं की आपल्याला जर्नल कॉपी करणं आठवतं आणि काही जण तिथेही तेच करत असतील, नाकारत नाही. तरी एक हिशेब मांडून बघा. १९९० च्या सुमारास जो कुणी ग्रंथपाल झाला, तो कार्डांचे खण शिकून आला. मग संगणक आला, बारकोड आले, इन्फ्लिबनेटचं सोल हे सॉफ्टवेअर आलं. २००३ मध्ये इंडेस्ट या संघामार्फत तांत्रिक संस्थांना ई-जर्नल्स मिळू लागली. २०१५ मध्ये ई-शोधसिंधू आलं. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल आयोगाचे नियम आले आणि प्रोजेक्ट रिपोर्ट तपासण्याचं काम बऱ्याच ठिकाणी लायब्ररीकडे आलं. जानेवारी २०२५ पासून एक राष्ट्र एक वर्गणी. ज्या पदविकेवर त्याला नोकरी लागली तिच्यात यातलं काहीही नव्हतं. आपल्याला आयईईईचा पेपर हवा असतो तेव्हा आपण काउंटरवर जाऊन नुसतं तोंड उघडतो. तो कुठून, कसा, कुठल्या परवानगीनं मिळेल हे पलीकडच्या माणसानं कधीतरी बसून शिकलेलं असतं.

रंगनाथन यांच्याकडे परत येतो. १९५५ ते १९५७ ते झुरिकमध्ये होते. तिथे कारखान्यांना आणि संशोधकांना लागणाऱ्या बारीकसारीक माहितीचा प्रश्न त्यांनी जवळून पाहिला आणि अर्थातच त्याच्या उजेडात कोलनची नवी आवृत्ती काढली. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. याच काळात त्यांनी आयुष्यभराची साठवण, एक लाख रुपये, मद्रास विद्यापीठाला देऊन टाकली. कशासाठी? तर ग्रंथालयशास्त्राचं एक प्राध्यापकपद कायमचं असावं म्हणून. त्या पदाला नाव दिलं शारदा रंगनाथन यांचं. त्या काळचे एक लाख म्हणजे किती, याचा विचार आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून करावा. लग्नाच्या दिवशी कामावर गेलेल्या माणसाबद्दल माझं मत हे वाचून थोडं मवाळ झालं. पूर्ण नाही.

त्यांचा मुलगा योगेश्वर इंजिनिअर झाला आणि पुढे त्यानंच वडिलांचं चरित्र लिहिलं. आपल्या क्षेत्रातल्या माणसानं लिहिलेलं ग्रंथपालाचं चरित्र, म्हणून ते मुद्दाम मिळवून वाचण्यासारखं आहे.

१९६२ साली, म्हणजे सत्तरीला पोचल्यावर, त्यांनी बंगळुरात नवं काम सुरू केलं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर. नावातच संशोधन आणि प्रशिक्षण शेजारी शेजारी आहेत. १९६३ पासून तिथे वार्षिक सेमिनार भरू लागले आणि देशभरातले काम करणारे ग्रंथपाल त्यासाठी बंगळुरात जमू लागले. निबंध आधी वाचून यायचं आणि तिथे त्यावर झडती द्यायची. १९६४ मध्ये केंद्रातून एक नियतकालिकही निघालं. १९६५ मध्ये भारत सरकारनं त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केलं. बाकीच्या जगात या वयात माणसं सत्काराच्या शाली घड्या करून ठेवतात. रंगनाथन कोलनच्या सातव्या आवृत्तीला भिडले होते. तोवर संगणकाचं युग दारात आलं होतं, विज्ञानाच्या नव्या शाखा फुटत होत्या आणि सहाव्या आवृत्तीतले कित्येक विषय त्यांना पुन्हा मुळापासून मांडावेसे वाटत होते. १९६९ मध्ये त्यांनी या आवृत्तीची ओळख करून देणारा लेखही लिहिला. १९७१ ची आवृत्ती म्हणून तिचा उल्लेख त्यात होता.

१९७१ गेलं, ती आली नाही. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरात रंगनाथन यांचं निधन झालं. टेबलावरचं काम त्यांचे शिष्य एम. ए. गोपीनाथ यांनी पुढे नेलं आणि सातवी आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. बंगळुरातलं केंद्र आजही चालू आहे आणि १२ ऑगस्ट हा दिवस देशभरातल्या लायब्रऱ्यांत ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.